कोसला: एकदा बारावीत, एकदा मेसच्या गल्ल्यावर

पाचपैकी पाच. मधे एकदा चार द्यावेत असं वाटलं होतं, का ते खाली सांगते.

भालचंद्र नेमाडे यांची कोसला ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली १९९६ साली. बारावीत होते, वय १७, पुस्तक नारायण पेठेतल्या पुणे मराठी ग्रंथालयातून आणलेलं, जाड बाइंडिंगचं, कोपरे मऊ पडलेले. दुसऱ्यांदा वाचली २०२० च्या एप्रिलमधे, वय ४१, आदल्या वर्षी अप्पा बळवंत चौकातून घेऊन ठेवलेली प्रत लॉकडाऊनमधे उघडली. मधल्या २४ वर्षांत मी हे पुस्तक हातात घेतलं नव्हतं, पण कोणी विचारलं की आवडतं पुस्तक कोणतं तर पटकन कोसला म्हणायचे, आणि ते मनापासूनच म्हणायचे.

आता लिहितेय कारण आमच्या मेसमधे जेवायला येणारी मुलं विचारतात, काकू हे कुठल्या वयात वाचायचं. आणि मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय की कोसला विशीच्या आत वाचली तरच लागते, चाळिशीत वाचली की तिचा नायक पांडुरंग नुसता आळशी आणि बापाच्या पैशावर रडणारा वाटतो. मला हे अजिबात पटत नाही. मी दोन्ही वयात वाचलीय आणि मला विचाराल तर चाळिशीत ती जास्त मोठी होते, फक्त मग तुम्ही पांडुरंगच्या खांद्यावरून बघत नाही, दुसऱ्या कोणाच्यातरी बाजूला जाऊन उभे राहता.

ज्यांनी वाचलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कादंबरी १९६३ ची, पुण्याच्याच देशमुख आणि कंपनीने काढलेली, नेमाडे तेव्हा २५ वर्षांचे होते आणि गोष्ट सांगणारा पांडुरंग सांगवीकरही २५ चाच. खानदेशातल्या सांगवी गावचा, चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरातला मुलगा पुण्यात कॉलेजला येतो, होस्टेलवर राहतो, सुरुवातीला खूप उमेद असते, मेसचा सेक्रेटरी होतो, कॉलेजातल्या मंडळांत वगैरे पडतो, पैसे कुठल्याकुठे जातात, देणी होतात, घरी धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरते, अभ्यासातलं मन उडतं, परीक्षेत आपटतो आणि शेवटी गावाला परत. एवढंच. नेमाडे स्वतः फर्ग्युसनला आणि मग डेक्कन कॉलेजला शिकलेले, त्यामुळे पुस्तकातलं पुणं हे बाहेरून आलेल्या मुलाचं पुणं आहे, म्हणजे खोली, मेस, चहा, टेकडी आणि रात्रीचे रिकामे रस्ते. वाड्यातलं पुणं त्यात जवळजवळ नाही. मी वाड्यातली, पण माझं अर्धं लहानपण अशाच बाहेरून आलेल्या मुलांच्या ताटांच्या आसपास गेलं, म्हणून मला ते पुणं ओळखीचं वाटलं.

तर आमची मेस. सदाशिव पेठेत, टिळक रोडच्या आतल्या बाजूला, तळमजल्यावर दोन खोल्या. अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी १९८१ ला सुरू केली. तेव्हा मेंबर असायचे कॉलेजची मुलं आणि काही बँकेतले बदलीवर आलेले, आता जवळजवळ सगळे एमपीएससीवाले. अण्णा २०११ ला गेले, तेव्हापासून मी बघते, त्याआधीही दहा वर्षं बघतच होते.

१९९६ ला काय व्हायचं तर संध्याकाळी सात ते नऊ अण्णा मला गल्ल्यावर बसवायचे आणि खाड्यांची वही माझ्याकडे द्यायचे. खाडा म्हणजे मुलगा जेवायला आला नाही तो दिवस, सलग तीन दिवसांच्या वर असेल आणि आधी सांगितलेलं असेल तर पैसे वजा. मला ते काम अजिबात आवडायचं नाही. बारावी सायन्स, क्लास, आणि घरी आलं की आमटीच्या वासात बसून कोण आलं नि कोण नाही ते लिहायचं. त्यात कोसला हातात पडली. गल्ल्याच्या खणात ठेवून वाचायचे, कोणी आलं की खण लोटायचे.

आणि पुस्तकाने मला अक्षरशः धरलं. एवढ्या वर्षांत कुठल्या पुस्तकाने असं धरलेलं मला आठवत नाही. तोपर्यंत आमच्या घरात आणि शाळेत ज्या कादंबऱ्या होत्या त्यात माणसं फार छान छान बोलायची, वाक्यावाक्याला उपमा. इथे हा मुलगा उदाहरणार्थ आणि वगैरे लावत लावत, वाक्य अर्धं सोडत, जसं आमच्या टेबलावरची मुलं बोलायची तसंच बोलत होता. पुस्तकात असं लिहून चालतं हेच मला माहीत नव्हतं. अर्पणपत्रिका वाचूनच मी थांबले होते, शंभरातल्या नव्व्याण्णवांना पुस्तक दिलंय, म्हणजे मला, म्हणजे आमच्या मेसमधल्या सगळ्यांना.

तेव्हा मला काय दिसलं तर हा एक मुलगा आहे, त्याला सगळ्या मोठ्या माणसांचा खोटेपणा कळतो, प्रोफेसरांचा, रेक्टरचा, गॅदरिंगमधे पुढे पुढे करणाऱ्यांचा, आणि मुख्य म्हणजे बापाचा. बाप म्हणजे व्यवहार, हिशोब, गावातली पत, आणि मुलाच्या मनात काय आहे ते न विचारणारा. मी वाचताना प्रत्येक वेळी त्या बापाच्या जागी अण्णांना बसवत होते. माझे अण्णा कधी माझ्यावर हात उगारलेले नाहीत, आवाजसुद्धा चढवायचे नाहीत, तरी बसवत होते. एका रात्री, पुस्तक संपत आलेलं असताना, त्यांनी विचारलं की आज खाडे किती, आणि मी म्हटलं, अण्णा तुम्हाला माणसं दिसतच नाहीत, नुसती ताटं दिसतात. ते चिल्लर मोजत होते. काही बोलले नाहीत. मोजलेलं चुकलं असावं, कारण परत पहिल्यापासून मोजायला लागले.

मला तेव्हा वाटलं की मी जिंकले. पुढे बरीच वर्षं मी ती आठवण काढलीच नाही.

मनीचा मृत्यू मी सतराव्या वर्षी वाचला आणि रडले हे आठवतंय, पण कोणासाठी रडले तर पांडुरंगसाठी. बिचारा, आधीच एवढं चाललंय आणि आता हेही. मनी हे त्याच्या दुःखाचं एक कारण होतं माझ्यासाठी. मेसचा भाग तर मी भराभर पानं उलटत गेले, कारण मेसमधलं काय वाचायचं, रोज तेच बघतेय.

आणि आता दुसऱ्या वाचनाचं सांगते, ते याच मेसच्या भागापासून सुरू होतं.

मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात मुलं जायला लागली. आधी परीक्षा पुढे गेल्याची बातमी, मग एसटी बंद व्हायच्या आत घरी या असे घरून फोन, आणि २५ तारखेपासून सगळंच बंद. ६२ मेंबर होते त्यातले चार उरले, त्यांना आमच्याच घरातून डबा द्यायचे. पातेली पालथी घालून ठेवली, पोळ्यांच्या मावशींना घरी बसायला सांगितलं आणि अर्धा पगार देत राहिले, आचारी महाराज आधीच गावाला गेले होते. संध्याकाळी सात वाजले की मला सवयीने गल्ल्यावर जाऊन बसल्याशिवाय राहवायचं नाही. रिकामी टेबलं, पंखा बंद, आणि समोर वही, तीत कोणाकडून किती येणं आणि कोणाला किती परत द्यायचं. तिथे बसून मी कोसला परत काढली.

मेसचा भाग आला आणि मी दोन दिवस तिथेच अडकले.

मेस चालवली नसेल तर तो भाग गंमतीचा वाटतो, मुलांचा गोंधळ वाटतो. चालवली असेल तर पानापानाला पोटात खड्डा पडतो. कारण तूट कशी येते हे मला माहितीये. होस्टेलची मेस मुलं स्वतः चालवतात तेव्हा साधारण असं असतं की किराणा, दूध, भाजी सगळं उधारीवर येतं आणि महिनाअखेर खर्चाला माणसांनी भागायचं. आता यात चोरी कोणीच केली नाही तरी खड्डा पडतो. एक जण पाहुणा आणतो आणि लिहीत नाही. खाडा आधी न सांगता होतो, म्हणजे त्याची कणीक भिजवून झालेली असते, किलोला २५-३० पोळ्या धरल्या तर दहा जण न सांगता गैरहजर राहिले की दीड-दोन किलो कणीक त्या दिवशी गेलीच. वरण पातळ करून वाढवता येतं, भाजीत बटाटा घालता येतो, पोळी मात्र वाढवता येत नाही. रविवारच्या फीस्टला सगळे डबल खातात आणि सोमवारी अर्धे येत नाहीत. आणि मित्र. मित्राकडे पैसे मागायला जीभ उचलत नाही, पुढच्या महिन्यात देतो म्हणतो, आपण हो म्हणतो. त्यात आचारी आणि वाढपी यांनी थोडं तेल थोडा रवा इकडेतिकडे केला तर ते पकडायला भांडारात रोज उभं राहावं लागतं, वजन करून सामान काढून द्यावं लागतं, आणि १९-२० वर्षांच्या मुलाला ते कोणी शिकवलेलं नसतं. त्याला वाटतं आपण चांगलं वागलो की सगळे चांगले वागतील. महिना संपला की दुकानदार मात्र सेक्रेटरीकडेच येतो.

पांडुरंगचं हेच होतं. मी सतराव्या वर्षी समजत होते की त्याला लोकांनी फसवलं आणि रेक्टरने झापलं म्हणून जग वाईट. आता वाचताना दिसलं की बरंचसं कोणी फसवलेलंही नाहीये, ते पैसे असेच गळालेत, थेंब थेंब, आणि तो प्रत्येक वेळी उदार झालाय. आणि तो उदार कोणाच्या पैशावर होतोय? हे पुस्तक कुठेही बोट दाखवून सांगत नाही. नेमाड्यांचं मोठेपण मला इथे वाटतं, कारण सगळं पांडुरंगच सांगतोय, बापाची बाजू मांडायला पुस्तकात कोणी नाही, तरी पैसे येत राहतात हे तो सांगून जातो. घरून पैसे आले. परत मागवले. परत आले. सतराव्या वर्षी मी ती वाक्यं वाचलीच नव्हती म्हणा, डोळ्याखालून गेली होती नुसती. आता मला पुस्तकभर तेच दिसायला लागलं. बाप बोलतो वाईट, मान्य. मुलाशी नीट चार शब्द बोलता येत नाहीत त्याला. पण पैसे पाठवायचं थांबवत नाही, आणि खेड्यातल्या शेतकऱ्याकडे रोख पैसा महिन्याच्या महिन्याला नसतो, तो पीक आल्यावर असतो, बाकीच्या वेळी तो कुठूनतरी उभा करावा लागतो.

हे माझ्या डोक्यात आपोआप आलं नाही. त्याच आठवड्यात एक फोन आला.

यावल तालुक्यातून एका मुलाचे वडील बोलत होते. मुलगा आमच्याकडे दीड वर्ष जेवत होता, गावाला गेला होता. म्हणाले, ताई, पोऱ्याचं काही देणं राहिलं का हो तुमच्याकडं? आता गाड्या बंद, केळी बागेत पडून आहे, व्यापारी येत नाही, पण तुमचं काही राहिलं असेल तर सांगा, तुमचंही बंदच असेल ना. वही समोरच होती. चार महिन्यांचे राहिले होते. मुलगा मला सांगायचा घरून आले नाहीत, आणि बोलण्यावरून मला कळलं की घरून दर महिन्याला आलेले होते.

मी एक महिन्याचे सांगितले.

का तसं सांगितलं ते मला तेव्हा नीट कळलं नाही. वीस वर्षं मेस बघतेय, उधारी वसूल करायला मी कधी लाजलेली नाही. पण बाजूला पुस्तक उघडं होतं आणि मला त्या माणसाचा आवाज त्या पुस्तकातून आल्यासारखा झाला, १९६३ पासून जो बोललाच नव्हता तो. त्यांनी दोन दिवसांनी कोणाच्यातरी फोनवरून पैसे टाकले आणि परत फोन करून मिळाले का विचारलं. मुलाबद्दल एकच विचारलं, जेवायचा का नीट.

त्यानंतर मी अण्णांना त्या बापाच्या जागी परत बसवलं, पण या वेळी वेगळ्या नजरेने. अण्णांची एक पद्धत होती, उधारी मागायची ती जेवण झाल्यावर, हात धुवून मुलगा बडीशेप घ्यायला आला की हळूच, आधी कधीच नाही. ताटावर बसलेल्याला पैशाचं विचारायचं नाही. मला हे लहानपणापासून दिसत होतं आणि मी त्याला नुसती सवय समजत होते. ताटं दिसतात म्हटलं होतं ना मी त्यांना.

मनीच्या मृत्यूबद्दल आता लिहायला पाहिजे. या पुस्तकात वाचण्यासारखं सगळ्यात मोठं काय तर ती पानं, दोन्ही वयात. सतराव्या वर्षी मी पांडुरंगसाठी रडले ते सांगितलंच. एक्केचाळिसाव्या वर्षी माझी मुलगी बारा वर्षांची होती, बाहेर साथ चालू होती, रोज संध्याकाळी आकडे यायचे. देवी म्हणजे काय हे आमच्या पिढीला माहीत नाही, माझ्या आईच्या दंडावर लशीची गोल खूण आहे तेवढीच आमची ओळख. भारतातली देवीची शेवटची साथ १९७५ पर्यंत होती आणि १९८० ला जगातून रोग गेल्याचं जाहीर झालं, म्हणजे हे पुस्तक आलं तेव्हा देवी येऊन पोर जाणं ही गावात घडणारी, माहितीतली गोष्ट होती. आणि पांडुरंग तिच्याबद्दल लिहिताना जो विचार करतो, की तिच्याबरोबर तिच्यापासून पुढे झाली असती ती सगळी माणसंही गेली, एक अख्खी रांग, ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि आत जाऊन मुलीच्या खोलीचं दार उघडून बघितलं. झोपली होती. परत येऊन बसले, पण त्या रात्री पुढे वाचलं नाही.

आता मला असंही वाटतं की मनीनंतरचं पांडुरंगचं जे काही सगळं तुटत जाणं आहे, ज्याला आपण कॉलेजात असताना बंड म्हणायचो, व्यवस्थेला नकार वगैरे म्हणायचो, त्यातलं निम्मं तरी दुःख आहे. साधं, घरातलं, न बोललेलं दुःख. या पुस्तकाची तुलना नेहमी अमेरिकेतल्या १९५१ च्या द कॅचर इन द रायशी करतात, माझ्या भाचीला ते कॉलेजला होतं म्हणून मीही वाचलं. त्यातही तेच आहे बघा, सगळे म्हणतात तो मुलगा बंडखोर, मोठ्यांच्या खोटेपणाला वैतागलेला, आणि नीट बघितलं तर त्याचा धाकटा भाऊ ल्युकेमियाने गेलेला आहे. दोन्हीकडे पोरगं जगावर चिडलेलं आहे असं आपल्याला वाटतं, पण आधी घरातून कोणीतरी गेलंय. हे सतराव्या वर्षी दिसत नाही, कारण आपल्याही घरातून तोवर सहसा कोणी गेलेलं नसतं.

बरं, आता ते चार स्टारचं कारण. पुस्तकातल्या बायका. आई आहे, बहिणी आहेत, आजी आहे, कॉलेजातल्या मुली दुरून दिसतात. पण त्यांचं काही आतलं आपल्याला कळत नाही. मनी गेल्यावर तिच्या आईचं काय झालं असेल हे मला पांडुरंगपेक्षा जास्त हवं होतं या वेळी आणि ते मिळत नाही. सतराव्या वर्षी मी मुलगी असून मला हे जाणवलं नव्हतं, मी आपली पांडुरंग होऊन बसले होते, खाड्यांची वही घेऊन. यावर खूप विचार केला. एक मन म्हणतं पंचविशीतल्या मुलाने सांगितलेली गोष्ट आहे, त्याला जे दिसलं नाही ते पुस्तकातही दिसणार नाही. दुसरं मन म्हणतं बाप नाही का दिसत, बोलत नसून? तसं आईचं झालं नाही. तो एक स्टार मी कापणार होते. कापला नाही कारण मनीची ती पानं लिहिणाऱ्याचा स्टार कापायला माझा हात झाला नाही, पण तक्रार तक्रारच आहे.

आणखी एक, पुस्तक सगळीकडे सारख्या वेगाने जात नाही. डायरीचा भाग आहे तिथे बरेच जण सोडतात, मीही पहिल्यांदा तिथे रेंगाळले होते. सोडू नका. तो भाग एका बैठकीत न वाचता रोज थोडा थोडा वाचा, डायरी लिहितात तशी. शेवटचा गावाचा भाग मला १७ ला कंटाळवाणा वाटला होता कारण मला वाटत होतं हा पुण्यात का नाही राहिला, हरला का. आता तो भाग मला सगळ्यात शांत वाटला. गावात रिकामी बसलेली, शिकून परत आलेली मुलं, त्यांच्या गप्पा, वेळ जात नाही आणि वर्षं जातात. एमपीएससीच्या चौथ्या अटेम्प्टनंतर गावाला परत जाणारी मुलं मी दरवर्षी बघते. शेवटचं ताट जेवतात, डिपॉझिट परत घेतात, नमस्कार करतात, काकू येईन कधीतरी म्हणतात. त्यांच्यातलं कोणी हरलंय असं मला म्हणवत नाही, आणि पांडुरंगलाही आता म्हणवत नाही.

कोणती प्रत घ्यायची तर आता पॉप्युलर प्रकाशनाची मिळते, अप्पा बळवंत चौकात सहज, छपाई चांगली आहे. विकत घ्यायची नसेल तर लायब्ररीत वाट बघावी लागेल, पण मिळेल. ज्यांना मराठी वाचायला जड जातं त्यांच्यासाठी सुधाकर मराठे यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आहे, ककून नावाचं, १९९७ चं, माझ्या मुंबईच्या जावेने ते वाचलं आणि तिला आवडलं, मात्र उदाहरणार्थ आणि वगैरेची जी लय आहे ती मराठीतच. नेमाड्यांना पुढे २०१४ चं ज्ञानपीठ मिळालं, त्यांच्या नंतरच्या कादंबऱ्याही मोठ्या आहेत, पण सुरुवात इथून करा.

मुलांना द्यावी का असं दोन-तीन आयांनी विचारलंय. द्या. सोळा-सतराला द्या आणि त्यांना काय कळलं ते विचारू नका. माझी मुलगी आता १७ ची आहे, या दिवाळीत तिने वाचली, मी तिसऱ्यांदा तिच्या मागोमाग वाचली. ती दोन दिवस माझ्याशी फटकून वागत होती, प्रत्येक गोष्टीला वगैरे लावत होती. एकदा म्हणाली, आई तू सतत हिशोबच करत असतेस. मी कांदे मोजून देत होते आचाऱ्याला. मी म्हटलं हो गं, आणि परत मोजायला लागले.

यावलचा तो मुलगा २०२२ ला आला होता, जळगावला नोकरीला लागलाय. उरलेल्या तीन महिन्यांचे फोनपे केले, मी मागितले नव्हते. वडिलांना मी काय सांगितलं होतं ते त्याला माहीत होतं. त्यावर आम्ही दोघं काही बोललो नाही. जेवून गेला.

माझी प्रत आता गल्ल्याशेजारी असते, ज्याला वाचायची त्याने जेवण झाल्यावर तिथेच बाकावर बसून वाचायची, घरी न्यायची नाही एवढा नियम केलाय कारण पहिली प्रत तशीच गेली. पानांवर आमटीचे डाग आहेत, चालतं. सध्या परभणीचा एक मुलगा वाचतोय, नवीन आहे, जूनपासून येतो, फार बोलत नाही. परवा मेसच्या भागापर्यंत आला असणार. पुस्तकात बोट घालून काउंटरवर आला आणि विचारलं, काकू, न सांगता खाडा केला तर तुमचे किती जातात?

मी त्याला बाक पुढे ओढून घ्यायला सांगितलं आणि वही उघडली.